परक्या बाईची नोकरी

लग्नामुंजीला गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "तू नक्की काय शिकलीस गं?" मी सांगते, मानवविकास आणि कुटुंबशास्त्र. समोरचं माणूस "हो का" म्हणतं आणि मठ्ठ्याच्या वाटीकडे वळतं. गृहविज्ञानाची शाखा आहे म्हटलं तर विषयच संपतो. मग मला लोणच्यात मीठ किती घालायचं ते विचारतात. माझी आत्या स्पष्ट बोलणारी होती. ती म्हणाली, "पोरं वाढवायला विद्यापीठ कशाला लागतं? आमची सात वाढली ती काय पुस्तकं वाचून?" मग म्हणाली, "आणि तुझं तर एकही नाही." आत्याचं दोन्ही बाबतींत खरं होतं.

पुढे मी तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला. त्या तीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. हजेऱ्या घेतल्या, पेपर तपासले, मुलींना बालवाडीत नेऊन मुलांकडे कसं बघायचं ते दाखवलं. लिहायचं आहे ते त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल. तेव्हा मी विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव घातलं होतं आणि रत्नागिरी तालुक्यात परकी बाई म्हणून काम करत होते.

हे काम काय असतं ते आधी सांगते. दोन-तीन वर्षांचं मूल कुणाला आपलं मानतं, हे मुलाला विचारून कळत नाही. म्हणून एक साधी परीक्षा असते. मूल आईजवळ खेळत असतं. एक अनोळखी बाई येऊन गप्प बसते. मिनिटभराने आई उठून बाहेर जाते आणि तीन मिनिटांनी परत येते. आई गेल्यावर मूल काय करतं, परक्या बाईकडे कसं बघतं आणि आई परत आल्यावर तिच्याकडे धावतं की नाही, ते सगळं घड्याळ लावून लिहायचं. परक्या बाईने हसायचं नाही, बोलवायचं नाही, मुलाने खेळणं पुढे केलं तर घ्यायचं आणि खाली ठेवायचं. एवढंच काम. चाळीस घरांत मी ते केलं.

आमच्या मार्गदर्शक मॅडम हुशार होत्या आणि त्यांचा प्रश्नही खरा होता. कोकणातले निम्मे बाप मुंबईला. ते गणपतीला येतात, शिमग्याला येतात, वर्षाकाठी महिनाभर दिसतात. अशा बापाला मूल आपलं मानतं का? म्हणून प्रत्येक घरी परीक्षा दोनदा घ्यायची ठरली. एकदा आईबरोबर, शिमग्याच्या सुमाराला. दुसऱ्यांदा गणपतीत, बाप घरी आला की त्याच्याबरोबर. मी मूळची रत्नागिरी शहरातली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तोवर आई-वडील गेले होते, भाऊ नाशिकला होता आणि आमच्या जुन्या बिऱ्हाडात दुसरे लोक राहत होते. मी माझ्याच गावात भाड्याच्या खोलीत उतरले.

परीक्षा युरोप-अमेरिकेत तयार झालेली. तिथे बंद खोलीत आई आणि मूल अशी दोघंच असतात. आमच्याकडे ओटीवर आई, मागे आजी, माजघराच्या दारात काकू आणि खिडकीत शेजारच्या तिघी. आई बाहेर गेली की आजी आतून ओरडायची, "जाऊ दे तिला, मी हाय ना रं!" झालं, परीक्षा बाद. मिरकरवाड्यात एका घरी आई उठून गेल्यावर अडीच वर्षांच्या पोराने मला नीट न्याहाळलं, आत गेलं, सुक्या बांगड्याचा तुकडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. पाहुणी आली आहे, तिला काहीतरी द्यायला हवं, एवढं त्याला कळत होतं. माझ्या फॉर्मवर त्यासाठी चौकट नव्हती. दुसऱ्या एका वाडीत एक आई तीन मिनिटांसाठी म्हणून बाहेर गेली. तेवढ्यात नारळ उतरवायला माणूस आला आणि ती पाऊण तासाने परत आली. तोपर्यंत मूल माझ्या पायाशी झोपून गेलं होतं. "झाला का बाई तुमचा अभ्यास?" तिने विचारलं. मी म्हटलं, झाला.

या सगळ्याची गंमत वाटायची, पण खोलीवर आल्यावर ती सांगायला कुणी नसायचं. आणि खरी अडचण वेगळीच होती. दुसऱ्या परीक्षेसाठी दुसरी परकी बाई हवी. मॅडमनी शोधली, पण गणपतीत घर सोडून रत्नागिरीला यायला एकही मुलगी तयार होईना. शेवटी त्या म्हणाल्या, "मंगल, तूच जा. साडी वेगळी नेस, केस वेगळे बांध. लहान मूल सहा महिन्यांत चेहरा विसरतं. मात्र मधल्या काळात एकाही मुलाच्या नजरेस पडायचं नाही."

आता मधल्या काळातही मला त्याच वाड्यांत जायचं होतं, कारण आयांच्या मुलाखती बाकी होत्या. मूल दिसलं की मी वाट बदलायची. पाखाडीवर, म्हणजे आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर, समोरून पोरं आली तर छत्री आडवी धरायची. ऊन नाही, पाऊस नाही आणि ही बाई छत्रीत तोंड घालून चालली आहे! आयांना मी शेताच्या बांधावर नाहीतर विहिरीवर गाठायची. बायका आपसांत म्हणायच्या, "लई शिकलेली हाय, पोरांचा वीट येतो तिला." हे ऐकून मी मूग गिळून बसायची. खरं कारण सांगायचं नाही, असाही नियम होता. ज्या बाईला मुलांच्या अभ्यासात डॉक्टर व्हायचं होतं, ती सबंध तालुक्यात मुलं दिसली की पळणारी बाई म्हणून प्रसिद्ध झाली. दिवसचे दिवस माझ्याशी प्रश्नावलीखेरीज कुणी बोलत नसे.

आमच्या शास्त्रात नावं लिहायची नसतात, फक्त क्रमांक. तेव्हा ही गोष्ट मूल क्रमांक सतराची. तिला इथे मी शेवंती म्हणते. घर वाडीच्या टोकाला, तिची आई आणि आजी दोघीच. बाप मुंबईला एका छापखान्यात. त्याचंही नाव बदलून गंगाराम म्हणते. शेवंती पोटात असताना तो परत गेला होता आणि नंतर सुट्टीला येईल तेवढाच तिला दिसलेला. मार्चमध्ये आईबरोबरची परीक्षा झाली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. आई बाहेर गेल्यावर दणकून रडली, आली तशी बिलगली. सगळं पुस्तकात असतं तसं.

त्या वाडीत मी दर गुरुवारी जायची. काम दुपारी संपायचं आणि परतीची एस.टी. थेट संध्याकाळी. जूनमध्ये पाऊस लागला. एका गुरुवारी मी आंब्याखाली भिजत उभी होते. शेवंतीच्या आईने गडग्यावरून, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावरून, हाक मारली.

"अवं बाई, झाडाखाली काय करताव? पडवीत येवा की."

"नको वहिनी, शेवंती घरात असेल."

"हाय तर हाय. ती काय खाणार हाय तुमास?"

मी गेले. शेवंतीकडे पाठ करून बसले. पाच मिनिटांनी माझ्या पाठीला काहीतरी लागलं. ती माझी वेणी ओढून बघत होती.

इथे मी खोटं लिहिणार नाही. त्या दिवशी पाऊस होता हे खरं, पण पुढच्या गुरुवारी नव्हता आणि मी तरीही गेले. त्याच्या पुढच्याही. ती माझ्या पिशवीत हात घालायची. परीक्षेसाठीचे लाकडी ठोकळे काढून पडवीत मांडायची आणि मला "बाय, हित बस" म्हणून जागा दाखवायची. बसले की मांडीवर चढून माझ्या बांगड्या मोजल्यासारख्या करायची. आठवड्यात मला हात लावणारं ते एकच माणूस होतं. बुधवारपासूनच मला गुरुवारची ओढ लागायची. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने मी हे केलं आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही. तिच्या आईला फक्त म्हटलं, "वहिनी, हे कुणाला सांगू नका." ती हसली. तिला वाटलं, मोठ्या मॅडम ओरडतील एवढंच. मलाही तेवढंच वाटत होतं.

गणपती आले. रत्नागिरीचा स्टॅंड ट्रंका आणि टेपरेकॉर्डरवाल्या चाकरमान्यांनी भरून गेला. ज्या दिवसांत घराघरांत माणूस मावत नाही त्या दिवसांत मी फॉर्म घेऊन घरोघर फिरत होते. प्रत्येक घरी मोदक मिळायचा, पण थांबा असं कुणी म्हणत नसे, कारण मी कामाला आलेली.

सतरा क्रमांकाकडे मी मुद्दाम शेवटी गेले. साडी वेगळी नेसले, वेणीऐवजी अंबाडा घातला. मनाशी म्हटलं, कदाचित ओळखणारही नाही. हे म्हणताना ती ओळखेल अशी आशाही वाटत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

गंगारामने सगळं नीट समजून घेतलं होतं. नवा सदरा घातला होता. मुलीला मुंबईहून लाल फ्रॉक आणला होता, तो तिच्या अंगात होता. येऊन चार दिवस झाले होते. चार दिवस ती त्याला बघून आजीच्या पदराआड जात होती, पण आज सकाळी तिने त्याच्या हातून चिबुडाची, म्हणजे आपल्याकडच्या खरबुजाची, फोड घेतली होती. हे त्याने मला दारातच सांगितलं. "आज येईल बगा बाई. सकाळी घेतलान माज्या हातचा."

मी ओटीवर जाऊन बसले. शेवंतीने एकदा बघितलं आणि टाळी वाजवली. "बाय आली!" सरळ माझ्या मांडीवर चढून तिने पिशवी उघडली. गंगाराम ठरल्याप्रमाणे उठून बाहेर गेला. तिने मान वर केली नाही. तीन मिनिटं ती ठोकळे मांडत होती. मग तो परत आला. दारात उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "शेवंता, ये."

तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यात हात टाकले आणि तोंड लपवलं.

परीक्षेत परत आलेल्या माणसाने अर्धं मिनिट हात पुढे धरून थांबायचं असतं. हा नियम त्याला मीच सांगितला होता. तो थांबला. माझ्या हातातलं घड्याळ चालू होतं. माजघराच्या दारात शेवंतीची आई उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं, पण माझा शब्द पाळून तीही काही बोलली नाही.

गंगारामने हात खाली घेतले. "ह्या परक्या ना?" त्याने बायकोला विचारलं. मग माझ्याकडे वळून, अगदी अदबीने, "बाई, तुमच्या कागदात मी नापास ना?"

"यात पास-नापास नसतं," मी म्हटलं. हे वाक्य आम्हाला पाठ करून घेतलेलं असतं. सांगायला हवं होतं ते वेगळंच होतं. या पोरीने मला बारा गुरुवार पाहिलंय, मी परकी नाही, ही परीक्षाच खोटी आहे. तीन वाक्यं. ती माझ्या तोंडून निघाली नाहीत. सांगितलं असतं तर फॉर्म फाडावा लागला असता आणि मॅडमना कारण द्यावं लागलं असतं. मी फॉर्म भरला, सही केली आणि शेवंतीचे हात गळ्यातून सोडवून निघाले.

पुढच्या दोन महिन्यांत सगळे आकडे मॅडमकडे गेले. सतरा क्रमांकावर त्यांनी लाल पेन्सिलीने खूण केली. परक्या स्त्रीला वडिलांपेक्षा जवळचं मानलेलं एकमेव मूल! एका परिषदेत त्यांनी ते वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी मला विचारलं, "तो बाप कसा होता हो? तुसडा असेल." मी म्हटलं, "नाही, चांगला होता." ते म्हणाले, "तुम्हाला वरवर दिसला असेल तसा." करायला गेले एक आणि झालं भलतंच, पण हे भलतं आता माझ्या नावावर मोठं होत चाललं होतं.

शिमग्यानंतर मी त्या वाडीत गेले. मधल्या सहा महिन्यांत गेलेच नव्हते. शेवंती शेजारी खेळायला गेलेली, तेवढी वेळ बघून गेले. तिची आई भाताचं रोप पेरायच्या आधीची भाजणी करत होती, शेतात पालापाचोळा पेटवलेला. मला बघून ती उठली नाही.

"शिमग्याला गंगारामभाऊ आले होते का?" मी विचारलं.

"नाय आले. आता यायचे बी नायत." ती काठीने आग सारत राहिली. "गणपतीत दोन दिस आदीच गेले. बोलले, पोरगी परक्या बाईकडं जाते नि मला बगून रडते, तर मी येऊन तिला रडवू कशाला? खर्ची पाठवीन, बोलले. तुमी दोगी सुकानं ऱ्हावा."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? मी दर गुरुवारी येत होते म्हणून?"

"सांगितलं ना. मानत नायत. मी त्यांची समजूत काडते असं वाटतं त्यांना." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "कागदावर सही केलेली बाई खोटी आणि बायको खरी, असं कोण मानेल? तुमी लिवा बाई. तुमच्या हातानं लिवा."

मी शेताच्या बांधावर बसून पत्र लिहिलं नाही. मला तेवढं धैर्य नव्हतं. खोलीवर गेले, तीन दिवस तशीच बसले. बापाला पत्र लिहायचं तर मॅडमनाही लिहावं लागणार, हे उघड होतं. एका माणसाला खरं सांगून दुसरीकडे तेच खोटं छापून येऊ देणं मला जमलं नसतं. चौथ्या दिवशी पोस्टातून दोन अंतर्देशीय आणली.

गंगारामला लिहिलं: "तुमच्या मुलीची काही चूक नाही, तुमचीही नाही. मी परकी नव्हते. मला इथे कुणी नाही म्हणून मी तुमच्या मुलीकडे यायची. नियमाने मला येता येत नव्हतं. तुम्हाला मी हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता मी तुमच्या घरी येणार नाही. तुम्ही या. चार दिवसांत चिबुडाची फोड घेतली, महिनाभर राहिलात तर पाठीवर बसेल. हे शिकलेली बाई म्हणून सांगते, त्यावर विश्वास ठेवा."

मॅडमचं उत्तर आधी आलं. मी समक्ष गेले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मंगल, किती मुलांच्या बाबतीत असं झालं?"

"एकाच."

"मला पटतं तुझं. पण मी इतरांना कसं पटवू? बारा गुरुवार लपवणारी मुलगी चाळीस घरं खरी सांगते, हे कुणी का मानावं?" त्यांनी सगळे ऐंशी फॉर्म बाजूला ठेवले. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं आणि पुढे माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत केलंही. माझी पीएच.डी. तिथे थांबली. नंतर पुन्हा नाव घालायचा धीर झाला नाही. त्यामुळे माझे बरोबरीचे सगळे डॉक्टर झाले आणि मी निवृत्त होईपर्यंत बाईच राहिले.

गंगारामचं उत्तर आलंच नाही. मी वाट पाहत होते. मे संपला, जून गेला. रत्नागिरीतलं बिऱ्हाड मोडायची वेळ आली, कारण एका कॉलेजात नोकरी लागली होती. वाडीत जाऊन चौकशी करावी असं शंभरदा वाटलं. पण येणार नाही असं लिहून दिलं होतं.

गणपतीच्या दिवसांत मी सामान घेऊन रत्नागिरीच्या स्टॅंडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होते. समोरच्या फलाटावर गंगाराम दिसला. बाजूला शेवंतीची आई, हातात फुलांची परडी. तिने मला बघितलं आणि नवऱ्याला खुणावलं. तो लगबगीने पुढे आला. त्याचं बोट धरून शेवंती. वर्षभरात उंच झाली होती, समोरचा एक दात पडून गेल्यासारखा किडला होता.

"बाई, तुमचं पत्र मिळालं," तो म्हणाला. "मला लिवायला येत नाय बरं, म्हणून ऱ्हावलं. वैशाखातच आलो मी. लावणी करून गेलो. आता परत आलोय, मालकाला सांगूनच."

मी खाली वाकले. "शेवंती," म्हटलं. नुसतं नाव घेतलं, हात पुढे केले नाहीत.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डोळ्यांत शोधलं, कुठे काही आहे का. काही नव्हतं. ती बापाच्या पायामागे सरकली, त्याची पॅंट दोन्ही मुठींत धरली आणि तिथून एक डोळा काढून बघत राहिली.

"अगो, बाय हायत त्या. वळखलंस नाय?" आई म्हणाली. तिने जोरात मान हलवली.

गंगाराम ओशाळला. तिच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाला, "रागावू नका हां बाई. परक्या माणसांना लई भिते ती."

"भिऊ दे," मी म्हटलं. "तसंच असायला हवं."

माझी गाडी लागली. मी चढले, खिडकीशी बसले आणि साखरपा मागे पडून घाट लागेपर्यंत रडत होते.